पोटच्या पोरीचा शेवटचा उसासाही ज्यानं सुरात टिपून ठेवला, त्या लेओश यानाचेकची गोष्ट

मराठीतला 'हो' हा साधा शब्द घ्या.

आईनं अभ्यास झाला का विचारलं की तोंडातून एक 'हो' निघतो. मित्राला नोकरी लागल्याचं कळलं की निघणारा 'हो?' वेगळा. आणि काकांनी तोच किस्सा पाचव्यांदा सांगायला घेतला की निघणारा 'होऽऽ' त्याहून वेगळा. शब्दकोशात 'हो'चा अर्थ एकच दिलाय, पण ऐकणारा कधी चुकत नाही. आवाज कुठं चढला, कुठं पडला, किती लांबला, यावरून समोरच्याच्या मनात काय चाललंय ते त्याला कळतं.

'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?' यात एका अक्षराचाही फरक नाही. फारसीत प्रश्न विचारण्यासाठी 'आया' असा वेगळा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात इराणी माणूस तो बहुतेक वेळा गाळतो आणि नुसता आवाज वर नेऊन प्रश्न विचारतो. चेक भाषेतही शब्द तेच ठेवून नुसता सूर बदलला की विधानाचा प्रश्न होतो.

बोलण्याच्या या चढ-उताराला आपल्याकडं हेल म्हणतात. तो प्रत्येकाच्या तोंडात असतो, पण त्याच्याकडं मुद्दाम लक्ष कुणी देत नाही.

एका माणसानं मात्र दिलं. आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं तो खिशात वही घेऊन फिरला. बाजारात, रस्त्यावर, रेल्वे स्टेशनवर लोक काय बोलतात यापेक्षा ते कुठल्या सुरात बोलतात हे तो टिपत राहिला. असे हजारो सूर त्यानं लिहून ठेवले. त्यातून त्यानं असे ऑपेरा घडवले की ज्यांना त्याच्याच देशाच्या राजधानीनं बारा वर्षं दारात उभं केलं नाही आणि जे आज जगभरातल्या थिएटरांत होतात.

त्याचं नाव लेओश यानाचेक.

मेंडेलच्या मठातला पोरगा

3 जुलै 1854 ला मोराविया प्रांतातल्या हुकवाल्दी गावात त्याचा जन्म झाला. आज हा भाग चेक प्रजासत्ताकात येतो, तेव्हा तिथं ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य होतं. डोंगरावर पडका किल्ला आणि खाली छोटंसं गाव. वडील गावचे शाळामास्तर. त्या काळी तिथल्या मास्तरला चर्चमधलं गाणं-वाजवणंही बघावं लागायचं, त्यामुळं घरात संगीत होतं. पैसा मात्र नव्हता आणि खाणारी तोंडं भरपूर होती.

अकरा वर्षांचा झाल्यावर लेओशला ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात पाठवलं. गरीब घरातली गाणारी मुलं मठ ठेवून घ्यायचा. त्यांना राहणं, जेवण, शिक्षण मिळायचं आणि बदल्यात चर्चमध्ये गावं लागायचं. ते साल होतं 1865. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि मागं फिरायची वाट जवळजवळ बंद झाली.

याच मठात ग्रेगोर मेंडेल राहायचा. शाळेच्या पुस्तकात वाटाण्याच्या रोपांचे प्रयोग करणारा म्हणून ज्याचं चित्र असतं, तोच हा मेंडेल. त्यानं आपले निष्कर्ष ब्रनोतल्या अभ्यासकांपुढं मांडले तेही 1865 सालीच. पुढं तो मठाचा प्रमुख झाला आणि 1884 मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीचं संगीत यानाचेकनंच सांभाळलं.

मेंडेलनं वर्षानुवर्षं वाटाणे मोजले. याच मठात वाढलेला हा पोरगा पुढं वर्षानुवर्षं माणसांचे आवाज टिपणार होता.

दोन भाषांचं शहर

ब्रनो तेव्हा दोन भाषांत विभागलेलं होतं. कारखानदार, अधिकारी, मोठी नाट्यगृहं यांच्यावर जर्मन भाषेचा पगडा होता. चेक भाषा ऐकू यायची ती बाजारात, कामगारांच्या वस्तीत, मोलकरणींच्या तोंडी आणि आसपासच्या खेड्यांत. शिकून वर गेलेला चेक माणूसही चारचौघांत जर्मन बोलायचा.

यानाचेकनं प्रागमध्ये, नंतर लाइपझिग आणि व्हिएन्नाला संगीताचं शिक्षण घेतलं आणि तो ब्रनोला परतला. 1881 मध्ये त्यानं तिथं ऑर्गन शिकवणारी शाळा काढली. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. नवरी झ्देन्का त्याची पियानोची विद्यार्थिनी होती, सोळा वर्षांचीही पूर्ण झालेली नव्हती. तो सत्तावीस वर्षांचा. तिच्या माहेरी जर्मन बोलली जायची आणि याला चेक भाषेचा कडवा अभिमान. खटके उडायला वेळ लागला नाही. 1882 मध्ये मुलगी ओल्गा झाली आणि त्यानंतर काही काळ दोघं वेगळेही राहिले.

पुन्हा एकत्र आल्यावर 1888 मध्ये मुलगा झाला, व्लादिमिर. 1890 मध्ये तो लाल तापानं गेला. तेव्हा तो जेमतेम अडीच वर्षांचा होता. त्यानंतर घरात जे काही जिव्हाळ्याचं उरलं होतं, ते ओल्गाभोवती होतं.

गाणी गोळा करता करता बोलणं सापडलं

1880 च्या दशकाच्या अखेरीस यानाचेक लोकगीतं गोळा करायला लागला. फ्रांतिशेक बार्तोश नावाच्या अभ्यासकाबरोबर तो मोरावियातल्या खेड्यापाड्यांत फिरायचा. लोक गायचे, हा लिहून घ्यायचा.

हे करताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. गाणं संपवून बाई शेजारणीशी बोलायला लागली तरी चाल थांबत नव्हती. तिच्या बोलण्यातही चढ होते, उतार होते, ताल होता. गावातलं गाणं त्या गावच्या बोलण्यातूनच उगवलेलं आहे, असं त्याला वाटायला लागलं. मग गाण्याचा अभ्यास करायचा तर सुरुवात बोलण्यापासून करायला हवी.

साधारण 1897 पासून त्यानं हे काम नेमानं सुरू केलं. चेक भाषेत त्यानं या टिपणांना नाव दिलं 'नापेव्की म्लुवी', म्हणजे बोलण्याच्या चाली.

पद्धत सोपी होती. कानावर एखादं वाक्य पडलं की पाच रेघांची पट्टी ओढायची, प्रत्येक अक्षर कुठल्या उंचीवर होतं आणि किती लांब होतं ते संगीताच्या खुणांत लिहायचं आणि खाली शब्द लिहायचे. शेजारी बोलणारा कोण, जागा कुठली, प्रसंग काय, हेही नोंदवायचं. कधी हवा कशी होती तेसुद्धा.

हा प्रसंग लिहिण्याला त्याच्या लेखी फार महत्त्व होतं. बोलण्याची चाल ही नुसती भाषेची नसते, त्या क्षणाची असते असं त्याचं म्हणणं होतं. तोच माणूस तेच वाक्य सकाळी थंडीत कुडकुडत म्हणेल तेव्हा एक चाल लागेल आणि संध्याकाळी घरी परतताना म्हणेल तेव्हा दुसरी. पहिल्यांदा मारलेली हाक आणि ओ न मिळाल्यावर तिसऱ्यांदा मारलेली हाक यात नाव तेच असतं, पण सूर चढलेला असतो आणि अक्षरं आखडलेली असतात. माणूस शब्द निवडून बोलू शकतो. सूर निवडणं त्याला तितकं जमत नाही. म्हणून शब्द एक सांगत असताना सूर दुसरंच सांगून जातो, आणि यानाचेकला हवं होतं ते हे दुसरं.

चेक भाषेचा एक गुण इथं त्याच्या कामी आला. या भाषेत शब्दावरचा जोर ठरलेला असतो, तो पहिल्याच अक्षरावर पडतो. त्यामुळं भावना दाखवायला जोराची जागा हलवता येत नाही. मग ते काम आवाजाच्या चढ-उतारावर आणि लांबीवर येतं.

वहीत फक्त माणसंच नव्हती. पक्षी होते, कोंबड्या होत्या, घरचं कुत्रं होतं. रस्त्यात उभा राहून हा माणूस कान टवकारून काहीतरी खरडायचा. आधीच तापट आणि विक्षिप्त म्हणून त्याची ख्याती होती, त्यात ही भर.

येनूफा आणि ओल्गा

याच काळात तो एका ऑपेरावर काम करत होता.

तोवर ऑपेरा म्हटलं की पद्यात बांधलेलं नाटक असायचं. यमकं जुळवलेली, ओळींची मापं ठरलेली. यानाचेकनं घेतलं गॅब्रिएला प्राइसोवा या लेखिकेचं नाटक, आणि ते गद्यच ठेवलं. खेड्यातली माणसं बोलतात तसं.

गोष्ट भयंकर होती. येनूफा नावाच्या खेड्यातल्या मुलीला लग्नाआधी दिवस जातात. मुलाचा बाप तिला टाकतो. तिची सावत्र आई कोस्तेल्निच्का ही गावात मान असलेली, कडक बाई. लेकीची अब्रू आणि तिचं पुढचं आयुष्य वाचावं म्हणून ती तान्ह्या बाळाला गोठलेल्या नदीत बुडवते. बर्फ वितळतो, बाळ सापडतं, आणि येनूफा त्या सावत्र आईला माफ करते.

पहिला अंक 1897 च्या सुमारास झाला आणि काम काही वर्षं थांबलं. नेमकं याच वर्षांत त्यानं बोलण्याच्या चाली गोळा करणं जोरात सुरू केलं होतं. पुन्हा ऑपेराकडं वळला तेव्हा त्याचं लिहिणं बदललेलं होतं. पात्रं लांबलचक ताना घेत नव्हती. ती अडखळत होती, वाक्य तोडत होती, घाबरल्यावर एकाच सुरावर अडकत होती. सावत्र आई बाळाला संपवायचा निर्णय घेते तो प्रसंग ऐकताना भाषा कळली नाही तरी ती बाई स्वतःलाच पटवतेय हे कळतं.

घरात मात्र दुसरंच संकट आलं. 1902 मध्ये ओल्गा रशियन शिकण्यासाठी सेंट पीटर्सबर्गला काकाकडं गेली होती. तिथं तिला विषमज्वर झाला. तब्येत आधीच नाजूक होती. तिला ब्रनोला परत आणलं, पण ती सावरली नाही.

पुढचे महिने यानाचेक एका खोलीत येनूफाचे शेवटचे प्रसंग लिहीत होता आणि शेजारी मुलगी अंथरुणाला खिळलेली होती. हा ऑपेरा रंगमंचावर बघायला आपण असणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. तिनं तो ऐकवायला सांगितला. बापानं पियानोवर बसून तिला सगळा ऑपेरा वाजवून दाखवला.

26 फेब्रुवारी 1903 ला ओल्गा गेली. वय अवघं वीस वर्षं.

त्या शेवटच्या दिवसांत ती जे बोलली, ते यानाचेकच्या वहीत आहे. शब्द आहेत आणि वर सूर आहेत. तिचं कण्हणं आहे. शेवटचा उसासाही त्यानं सुरात लिहून ठेवला.

अनेकांना हे ऐकून अंगावर काटा येतो. पोटची पोर जाताना बाप वही काढून बसतो, याला काय म्हणायचं?

पण ते साल 1903 आहे. चेहरा जपायचा तर फोटो काढता यायचा. आवाज जपायचा साधा घरगुती मार्ग नव्हता. माणूस गेला की त्याचं हसणं, त्याची हाक, नाव घेण्याची त्याची पद्धत सगळं जायचं. आज गेलेल्या माणसाची एखादी व्हॉइस नोट लोक वर्षानुवर्षं फोनमध्ये सांभाळतात, मोबाईल बदलला तरी ती पुसत नाहीत. यानाचेककडं तसं काही नव्हतं. त्याच्याकडं कान होता, पेन्सिल होती आणि जपून ठेवण्याची एकच रीत त्याला येत होती.

पूर्ण झालेला ऑपेरा त्यानं ओल्गाच्या स्मृतीला अर्पण केला.

प्रागनं दिलेला नकार

त्यानं येनूफा प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाकडं पाठवला. चेक संगीतकारासाठी ते सगळ्यात मोठं व्यासपीठ होतं. तिथं संगीताचा कारभार होता कारेल कोवार्झोविट्स याच्या हातात.

इथं एक जुनं प्रकरण आडवं आलं. कोवार्झोविट्स स्वतःही संगीतकार होता. 1887 मध्ये त्याच्या एका विनोदी ऑपेराची यानाचेकनं आपल्या मासिकात जाहीर साल काढली होती. आता निर्णय कोवार्झोविट्सच्या हातात होता. येनूफा परत आला. यामागं जुना राग होता असं बरेच अभ्यासक मानतात. पण प्रागच्या मंडळींना हे संगीतही मनापासून पटत नव्हतं हे तितकंच खरं. त्यांच्या नजरेत यानाचेक हा ब्रनोसारख्या आडबाजूच्या गावचा, लोकगीतांत रमणारा शिक्षक होता.

21 जानेवारी 1904 ला येनूफा ब्रनोतच रंगमंचावर आला. नाट्यगृह लहान, वादक कमी, पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. प्रागचं दार मात्र बंदच राहिलं. एक, दोन नव्हे, बारा वर्षं.

शेवटी डॉ. फ्रांतिशेक वेसेली आणि त्यांची गायिका पत्नी मारी काल्मा-वेसेला या दोघांनी कोवार्झोविट्सच्या मागं लागून त्याला राजी केलं. त्यानंही अट घातली की वाद्यमेळात आपण स्वतः बदल करणार. यानाचेकनं ती गिळली. 26 मे 1916 ला येनूफा प्रागमध्ये झाला आणि गाजला. यानाचेक तेव्हा बासष्टीला टेकला होता. ज्या वयात माणूस पेन्शनवर निवांत बसतो, त्या वयात तो देशभर प्रसिद्ध झाला.

यशाबरोबर टीकाही आली. झ्देन्येक नेयेडलीसारख्या प्रागच्या समीक्षकांचं म्हणणं होतं की बाजारातलं बोलणं उचलून रंगमंचावर ठेवणं म्हणजे नक्कल, ती काही कला नव्हे.

हा गैरसमज आजही अनेकांचा असतो. वहीतल्या चाली जशाच्या तशा उचलून ऑपेरात चिकटवल्या, असं यानाचेकनं केलं नाही, आणि हा आरोप त्यानं कायम फेटाळला. चित्रकार रस्त्यावर बसून माणसांची रेखाटनं करतो, ती पुढच्या मोठ्या चित्रात तशीच येत नाहीत, पण हात तयार होतो. यानाचेकच्या वह्यांचं काम तेच होतं. मत्सरानं माणूस कसा बोलतो, लाजून कसा बोलतो, खोटं लपवताना आवाज कुठं घसरतो, हे हजारदा ऐकून त्याचा कान तयार झाला. मग नव्या पात्राला नवी चाल तो स्वतः द्यायचा.

त्याच्या पद्धतीला मर्यादाही होत्या. बोलणारा आवाज सूर धरून थांबत नाही, तो घसरत जातो. आपल्या संगीतात मींड असते तसा. पाच रेघांच्या पट्टीवर मात्र सुटे सुटे सूर मांडावे लागतात. त्यामुळं त्याची टिपणं म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे, एका संगीतकाराच्या कानानं गाळून घेतलेलं बोलणं आहे. त्यालाही अचूकतेची ओढ होतीच. त्यानं विल्हेल्म वुंटचं मानसशास्त्र वाचलं. म्हातारपणी हिपचं क्रोनोस्कोप नावाचं, सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं यंत्र वापरून अक्षरांची लांबी मोजायचाही त्यानं खटाटोप केला. लोकगीतांसाठी त्याच्या मंडळींनी 1909 पासून मेणाच्या नळकांड्यांवर आवाज भरणारा फोनोग्राफ खेडोपाडी नेला.

साठीनंतरचा सुसाट माणूस

1918 मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत येनूफा झाला. भाषांतर केलं होतं माक्स ब्रोड यानं. मित्र फ्रान्झ काफ्कानं लिखाण जाळून टाकायला सांगितलं असूनही ज्यानं ते वाचवलं, तोच हा ब्रोड. चेक बोलण्याच्या वळणावर बेतलेल्या चालींत जर्मन शब्द बसवणं हे किचकट काम होतं, पण त्यामुळंच बाहेरच्या जगाला यानाचेक कळला. 1924 मध्ये येनूफा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरापर्यंत पोचला.

त्याच 1918 सालच्या ऑक्टोबरात चेकोस्लोवाकिया स्वतंत्र झाला. ज्या भाषेसाठी तो घरात आणि दारात भांडला, ती आता एका देशाची भाषा होती.

1917 मध्ये त्याच्या आयुष्यात कामिला श्टेसलोवा आली. ती विवाहित, त्याच्याहून 37 वर्षांहून जास्त लहान. त्यानं तिला सातशेच्या वर पत्रं लिहिली. ओढ बहुतांशी त्याच्याच बाजूनं होती. झ्देन्काला या सगळ्याचा अतोनात त्रास झाला. पण शेवटच्या दहा वर्षांत त्याच्या हातून जे काम झालं त्यातल्या कितीतरी गोष्टींमागं कामिला आहे.

त्या दहा वर्षांत एकामागून एक ऑपेरा आले. त्यातल्या 'धूर्त कोल्ही'चा किस्सा सांगतात तो असा. 'लिदोवे नोविनी' या वर्तमानपत्रात एका कोल्हीची सचित्र गोष्ट क्रमशः यायची. यानाचेकची घरकाम करणारी मारी ती वाचून खो-खो हसत होती. हसण्याचा आवाज ऐकून साहेब बाहेर आले, काय आहे बघू म्हणाले, आणि त्यातून 1924 मध्ये ऑपेरा उभा राहिला. त्यात बेडूक, कोंबड्या, कुत्रा, कोल्ही सगळे गातात. प्राण्यांचे आवाज टिपून भरलेल्या त्या वह्यांचा कस इथं लागला.

'रोबोट' हा शब्द ज्याच्या नाटकातून जगाला मिळाला, त्या कारेल चापेकच्या दुसऱ्या एका नाटकावर त्यानं 'माक्रोपुलोस प्रकरण' हा ऑपेरा केला. तीनशेहून जास्त वर्षं जगलेल्या बाईची ही गोष्ट. 1926 मध्ये आली त्याची 'सिन्फोनिएटा'. हारुकी मुराकामीच्या '1क्यू84' या कादंबरीच्या सुरुवातीला टॅक्सीत जी धून वाजत असते, ती हीच.

टागोर बोलले, यानाचेकनं ऐकलं

या गोष्टीत भारतही आहे.

जून 1921 मध्ये रवींद्रनाथ टागोर प्रागला आले होते. त्यांना ऐकायला जमलेल्यांत यानाचेक होता. टागोरांची भाषा त्याला येत नव्हती, पण आवाज ऐकायला भाषा यावी लागत नाही. त्यानं टागोरांच्या बोलण्याचे सूर टिपले आणि त्यावर 'लिदोवे नोविनी'त लेख लिहिला.

एवढ्यावर तो थांबला नाही. पुढच्या वर्षी, 1922 मध्ये त्यानं टागोरांच्या एका कवितेवर पुरुषांच्या समूहगायनासाठी रचना केली, 'भटका वेडा'. कवितेतला वेडा परीस शोधत फिरतोय. खडा उचलायचा, कमरेच्या साखळीला लावायचा, फेकून द्यायचा, ही त्याची सवय. एक दिवस एक पोरगा विचारतो, ही साखळी सोन्याची कधी झाली? वेडा बघतो तर लोखंडाचं सोनं झालेलं असतं. म्हणजे परीस हाताला लागून गेला होता आणि सवयीच्या भरात त्यानं तो फेकून दिला होता.

ही कविता यानाचेकला का भिडली असेल हे समजायला अवघड नाही. रोज कानावर पडणारं आणि कुणीही न जपणारं बोलणं तो आयुष्यभर वेचत आला होता.

अशीच एक नोंद चेक संगीताचा जनक मानला जाणाऱ्या बेद्रिख स्मेटानाच्या मुलीची आहे. स्मेटाना 1884 मध्येच वारला होता. म्हातारपणी यानाचेक त्याच्या मुलीला भेटला आणि तिच्या बोलण्याची चाल टिपून घेतली. बापाचा हेल लेकीच्या बोलण्यात उतरतो, मग तिच्या बोलण्यातून स्मेटानाचा आवाज कसा असेल याचा अंदाज येईल, हा त्यामागचा हिशेब.

वह्या उरल्या

1928 च्या उन्हाळ्यात यानाचेक जन्मगावी हुकवाल्दीला गेला. कामिला आणि तिचा लहान मुलगाही सोबत होते. तिथं त्याला थंडी बाधली, न्यूमोनिया झाला आणि 12 ऑगस्ट 1928 ला ओस्ट्राव्हाच्या रुग्णालयात तो गेला. ब्रनोत मोठी अंत्ययात्रा निघाली. अंत्यविधीला 'धूर्त कोल्ही'तल्या शेवटच्या प्रसंगाचं संगीत वाजवलं गेलं.

येनूफा त्यानंतरही बरीच वर्षं कोवार्झोविट्सनं बदललेल्या रूपातच वाजत राहिला. चार्ल्स मॅकेरास या ऑस्ट्रेलियन वंशाच्या संगीत दिग्दर्शकानं तरुणपणी प्रागमध्ये यानाचेक ऐकला होता. त्यानं पुढं हा ध्यासच घेतला आणि 1980 च्या दशकात मूळ वाद्यमेळ पुन्हा लोकांपुढं आणला. यानाचेकला जसं ऐकू येत होतं तसं येनूफा जगाला ऐकायला मिळेपर्यंत तो जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

ब्रनोच्या मोरावियन संग्रहालयात त्याची कागदपत्रं जपलेली आहेत. 2017 मध्ये युनेस्कोनं हा संग्रह जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला. त्याच्या टिपणांत बाजारातल्या बाया आहेत, रस्त्यातली पोरं आहेत, ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत अशी असंख्य माणसं आहेत. त्यांनी काय विकलं, कुणाशी भांडण केलं, त्यांचं पुढं काय झालं याचा पत्ता नाही. पण एखाद्या सकाळी घाईत बोलताना त्यांचा आवाज कुठं चढला आणि कुठं उतरला, ते कळतं.

ओल्गाच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण कुठंही नाही. तिचा आवाज गोड होता की घोगरा, हे आता कुणी सांगू शकत नाही. मात्र त्या फेब्रुवारीत ती बापाशी शेवटचं बोलली तेव्हाचे सूर कागदावर आहेत, आणि ज्याला पाच रेघांची पट्टी वाचता येते त्याला ते पियानोवर आजही वाजवता येतात.